बेसिनवरचं खरबूज

७ जानेवारी

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग घालायचा तर गुडघे कुरकुर करतात, म्हणून उभ्या उभ्याच नमस्कार.

पत्र संग्रहालयाच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नका. घरी पाठवलं असतं तर दादाने पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच केरात टाकलं असतं. फोन करावा तर तुमचा फोनही तोच उचलतो आणि माझा आवाज आला की 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतो. सहा वर्षं झाली, मी आपल्या सख्ख्या भावाच्या घरी राँग नंबर आहे.

तर मुद्द्यावर येतो. माझ्या हातून एक गोष्ट झालीये. आधी शपथ घ्या की दादाला सांगणार नाही. घेतली? बरं.

आप्पांचं चित्र. तेच, ज्याच्यावरून एवढं महाभारत झालं. विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ, हातभर आरसा, जाडजूड पुस्तक, पुस्तकाखालून डोकावणारा कागद आणि त्यावर आप्पांच्या रेखीव इंग्रजी अक्षरात लिहिलेलं 'व्हॅनिटास'. मधोमध ते खरबूज. गेली सहा वर्षं हे चित्र माझ्या दुकानात तीन नंबरच्या बेसिनवर टांगलंय. दुकान तुम्ही एकदाच पाहिलंत, तेही उद्घाटनाच्या दिवशी घाईत, म्हणून सांगतो. बेसिन, त्याच्याखाली कपाट, वर आरसा, दोन बाजूंना दिवे, असा जो संच असतो त्याला आमच्या धंद्यात व्हॅनिटी म्हणतात. तसल्या अठरा व्हॅनिट्या मी मांडून बसलोय. आप्पांनी पन्नास वर्षांपूर्वी चित्रात व्हॅनिटास लिहून ठेवलं आणि त्यांच्या धाकट्याने व्हॅनिटीचंच दुकान काढलं! मला वाटलं, म्हातारा माझी पाटी आगाऊ रंगवून गेला. म्हणून मानाने लावलं हो ते तिथे. दादाला मात्र दिसलं काय, तर हात धुवायचं भांडं.

परवा वर्षाची साफसफाई काढली. खरबुजावर साबणाचे शिंतोडे उडून डाग पडले होते. मी बेसिनचे पांढरे डाग काढायचं औषध फडक्यावर घेतलं. डाग ढिम्म. मग फरशीवर रंग सांडला की आम्ही थिनर मारतो, तो घेतला. जरासाच. वहिनी, खरबुजाची साल निघाली आणि आतून कुणीतरी माझ्याकडे बघितलं.

डोळा नव्हता तो, डोळ्याची खोबण होती. काळीकुट्ट. तिच्याखाली तीन दात. मी फडकं टाकून थेट दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला वाटलं मी त्याच्याच स्वागताला आलोय. दोन नळ घेऊन गेलं बिचारं.

आता काय करू? बाकीचंही पुसून काढू का? अर्धी बाटली थिनर शिल्लक आहे.

तुमचा,
भावजी

*

१२ जानेवारी

भावजी,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी थिनरची बाटली बंद करा आणि तुमचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

तेहतीस वर्षं मी या खोलीत बसून लोकांच्या अकलेचे परिणाम निस्तरतेय. चित्राला बटाटा चोळणारे पाहिले, पावाने पुसणारे पाहिले, एकाने तर आजोबांच्या तसबिरीला बुटाचं पॉलिश केलं होतं. पण थिनर मारून वर 'बाकीचंही काढू का' असं विचारणारे तुम्ही पहिलेच. आमच्याकडे काडीला कापूस गुंडाळून, भिंगाखाली, नखाएवढ्या जागेवर आधी चाचणी घेतात. त्यात दिवस जातो. तुम्ही फडकं मारलंत!

आता त्या शब्दाबद्दल. मेणबत्ती, वाळूचं घड्याळ, आरसा, अशा चित्रांचा एक प्रकारच आहे आणि त्या प्रकाराचं नावच व्हॅनिटास. लॅटिन शब्द. मूळ अर्थ पोकळपणा, फोलपणा. हे सगळं इथेच टाकून जायचंय, एवढंच ते चित्र बघणाऱ्याला सांगतं, आणि ते सांगायला त्यात हमखास कवटी असते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या घरच्या चित्रात कवटी शोधतेय. मला वाटायचं, मामंजींनी कॅलेंडरवरून नक्कल करताना ती गाळली असेल. पुढे त्याच शब्दाला दिमाख, नटणंमुरडणं असाही अर्थ चिकटला, मग नटण्याच्या मेजाला ते नाव पडलं आणि तिथून ते तुमच्या बेसिनपर्यंत आलं. तेव्हा तुमच्या अठरा कपाटांचं आणि त्या कवटीचं कूळ एकच आहे. चित्र तिथे मानाने लावलंत, हे तुम्ही सहा वर्षांपूर्वी तोंडाने सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

चित्र माझ्याकडे पाठवा. बाहेरचं काम आम्ही घेतो, पण फॉर्म भरून. मामंजींनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणजे चित्र दोघा भावांचं. वरचा थर काढायचा की ठेवायचा, यावर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. सहीशिवाय मी त्याच्यावर फुंकरसुद्धा घालणार नाही. एक सही तुमची. दुसरी सही रोज माझ्यासमोर बसून चहा पिते आणि तुमचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवते. ती कशी मिळवायची ते मी बघते.

एक लक्षात ठेवा, ३१ मार्चला मी निवृत्त होतेय. त्यानंतर ही खोली नाही, भिंग नाही आणि पत्र पाठवायला हा पत्ताही नाही. तुम्हा दोघांना एका कागदावर आणायची ही एवढीच संधी माझ्या हातात आहे आणि मला ती घालवायची नाहीये.

वहिनी

*

२० जानेवारी

वहिनी,

बाटली माळ्यावर ठेवली. शिडी बायकोने लपवली.

चित्र आज रवाना केलं. आरसे पाठवायच्या लाकडी खोक्यात, चारी कोपऱ्यांना स्पंज लावून. आजवर माझा एक आरसा वाटेत फुटलेला नाही, आप्पाही फुटणार नाहीत. खोक्यावर 'काच, सांभाळून' छापलंय, त्याखाली मी 'कवटीही आहे' असं लिहिणार होतो, पण ट्रकवाल्याने खोकं उचललंच नसतं.

तुमचं ते लॅटिन वाचून डोकं भणाणलं. पोकळपणा! दुकानात जाऊन एक-एक व्हॅनिटी उघडून बघितली. खरंच की हो, आत काय असतं? एक वाकडा पाइप आणि रिकामी जागा. पुढे मात्र आरसा, दिवे, सोनेरी मुठी. बायकोची प्रसाधनाची पेटी आहे ना, तिलाही व्हॅनिटीच म्हणतात. ती उघडली तर आत पावडरचा एक डबा, दोन तुटके कंगवे आणि माझे केस काळे करायचा ब्रश. तो बघून मी पेटी हळूच बंद केली. आणि मागच्या साली एका नटीच्या गाडीत बेसिन बसवायला गेलो होतो, त्या गाडीलाही व्हॅनिटी! आत सोफा, आरसे, गार हवा. बाई आरशासमोर बसून रडत होत्या आणि मला म्हणाल्या, 'पाणी जरा मोठं सोडा, बाहेर आवाज जातो.' म्हटलं, बाई, नळ तपासतोय, तुमचं चालू द्या. तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्या लॅटिनवाल्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

फॉर्म सही करून जोडलाय. 'थर काढावा' या चौकटीत खूण केलीये. कवटीच हवी! आप्पा पाट्या रंगवणारे म्हणून जन्मभर त्यांना कुणी चित्रकार म्हटलं नाही. आता कळू दे लोकांना. खरबूज आईच्या हट्टापायी काढलं असणार हे उघड आहे. घरात कवटी कोण टांगून घेईल? आईने तोंड सोडलं असेल आणि आप्पांनी रागारागाने कसंतरी खरबूज फासलं असेल. म्हणूनच ते तसं झालंय. उद्घाटनाच्या भाषणात मी म्हटलं नव्हतं का, 'आमच्या आप्पांनी हजारो पाट्या रंगवल्या, एक अक्षर वाकडं नाही. आयुष्यात फळ एकच काढलं, ते नासकं खरबूज निघालं'? सगळं दुकान हसलं होतं. फक्त दादा तेवढ्यात उठून चालता झाला. भाषणातलं माझं सगळ्यात भारी वाक्य, आणि त्याने पुढचं ऐकलंच नाही.

त्याची सही लवकर घ्या.

भावजी

*

६ फेब्रुवारी

भावजी,

खोकं सुखरूप आलं. पॅकिंग बघून आमच्या इथल्या दोघांनी विचारलं, ही कुठली संस्था. मी म्हटलं, माझे दीर. ते ऐकून त्यांनी मान हलवली, आता खूश व्हा.

सह्या पूर्ण नाहीत, म्हणून मी नुसतं बघितलं. दिव्याखाली, भिंगाखाली आणि तिरप्या उजेडात. तुमच्या थिनरने जेवढी खिडकी उघडलीये तेवढ्यातून जे दिसतं त्यावरून सांगते, कवटी फार सुंदर आहे. खरंच. कपाळावर मेणबत्तीच्या धुराची सावली पडलीये, ती कॅलेंडरवरून उचललेली नाही, ती सुचावी लागते. वरच्या दोन दातांमध्ये फट आहे. ती बघून मी खुर्चीतच हसले. तुम्हा दोघा भावांच्या दातांत जी फट आहे, आणि मामंजींच्या होती, तीच ही. कॅलेंडरवाल्याच्या कवटीला अशी फट कुठून असणार? त्यांनी स्वतःचीच कवटी काढलीये, आणि मग तिला वॉर्निश दिलंय. त्या वॉर्निशमुळेच ती तुमच्या तावडीतून वाचली.

आता खरबूज. ते आईंच्या हट्टापायी असेलही, पण ते मामंजींचं नाही.

माझी तेहतीस वर्षं यातच गेली आहेत, तेव्हा वाद घालू नका. कवटी तैलरंगात आहे, खरबूज पाट्यांच्या डब्यातल्या चकचकीत पिवळ्या रंगात. ब्रश अक्षरं काढायचा, चपटा. रंग इतका भरपूर घेतलाय की दोन ओघळ खाली आलेत आणि तिसरा बोटाने पुसलाय. ते बोट लहान आहे. जो कोणी होता तो उंचीने कमी होता आणि घाईत होता.

मला एक सांगा. तुम्ही लहान असताना हे चित्र कुठे लावलेलं होतं? आणि त्याबद्दल तुम्हाला काय काय आठवतं? विनोद बाजूला ठेवून लिहा, जमेल तेवढं.

वहिनी

*

१४ फेब्रुवारी

वहिनी,

विनोद बाजूला ठेवून लिहा म्हणजे डावा हात बांधून बेसिन बसवा म्हणण्यासारखं आहे, तरी प्रयत्न करतो.

चित्र बाहेरच्या खोलीत होतं, आमच्या पलंगासमोरच्या भिंतीवर. मी आणि दादा एका पलंगावर झोपायचो. मी सहा वर्षांचा असेन, दादा बारा. मला आठवतं ते खरबूजच. कवटी अजिबात आठवत नाही. त्या दिवसांत मी अंथरूण ओलं करायचो, एवढं मात्र घरच्यांनी पुढे वीस वर्षं विसरू दिलं नाही. आणि दादा मला 'भित्र्या' म्हणायचा. कशाला भ्यायचो ते नाही आठवत. भ्यायचो खरा. दादाच्या पाठीमागे तोंड लपवून झोपायचो, आणि अंथरूण ओलं झालं की तो काही न बोलता उठून माझी चड्डी बदलायचा. आईला कळायच्या आत.

आणखी एक आठवतं. दादाला आप्पांनी एकदा पट्टीने मारलं होतं. पाट्या रंगवायची ती लांब लाकडी पट्टी. हातावर. मी दाराआड उभा राहून मोजत होतो, मला तेव्हा दहापर्यंतच येत होतं. नऊला थांबले, म्हणून मला बरं वाटलं. दादाने पिवळ्या रंगाचा डबा चोरला होता म्हणे. डावा हात सुजला होता, दोन दिवस त्याला उजव्या हाताने जेवावं लागलं आणि सगळी आमटी शर्टावर. मी फार हसलो होतो. रंगाचा डबा चोरून बारा वर्षांच्या पोराने करायचं काय, हे कोडं मला अजून आहे. विकला असेल.

त्यानंतर भित्र्या म्हणायचंही त्याने सोडलं. बहुतेक मोठा झाला.

पण याचा चित्राशी काय संबंध? तुम्ही आईवर संशय घेताय का? आईने जन्मात ब्रश धरला नव्हता. कुणीही काढलेलं असो, ते खरबूज खरवडून टाका आणि आप्पांची कवटी बाहेर काढा. सही तुमच्याकडे आहेच. दादाचं काय झालं? महिना झाला.

भावजी

*

९ मार्च

भावजी,

उत्तराला उशीर झाला. पत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते आणि मग घरी काय बोलायचं ते ठरवायला दोन आठवडे लागले. तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त तुम्हाला दिसलेलं नाही. तुम्ही ते लिहून पाकीट चिकटवून मोकळे झालात.

त्या पिवळ्या रंगाचे फटकारे डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताचा माणूस ते उलटे मारतो. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तुम्हाला लिहिलं नाही. आपल्या घरात डावखुरा एकच.

परवा चहा पिताना मी सरळ विचारलं, "मामंजींच्या चित्रातलं ते खरबूज तुम्ही काढलंत ना?"

'खरबूज' म्हटल्यावर यांच्या कपाळाला आठी पडली, का ते कळलं नाही. मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

"रंगाने."

रिमोट हातात होता. मला वाटलं, आता आवाज वाढणार. यांनी टीव्ही बंद केला.

"रडायचा तो," म्हणाले.

"कोण?"

"तो. पाठ फिरवली तरी ती कवटी मागून बघते म्हणायचा. आप्पांना चित्र काढून ठेवा म्हटलं तर म्हणाले, भिंतीवरची भीती भिंतीवरच सोडायला शीक म्हणावं. मग काय करणार? ते कामावर गेल्यावर झाकली."

"आणि त्यांनी मारलं."

"ते चित्रासाठी नाही. डबा न विचारता घेतला म्हणून." मग रिमोट टेबलावर ठेवला. "मारून झाल्यावर आप्पा चित्रासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता खरवडून काढणार. मला म्हणाले, सावली विसरलास."

भावजी, मी दुसऱ्या दिवशी येऊन पहिलं काम केलं ते सावली बघायचं. खरबुजाच्या बुडाशी टेबलावर जी सावली आहे, ती तैलरंगात आहे. पिवळ्या रंगाच्या कडेवरून फिरलेली, म्हणजे नंतरची. हात मामंजींचा. कवटीची जुनी सावली अरुंद होती, ती त्यांनी रुंद करून दिली. एवढी मेहनत त्या कवटीवर घेतलेल्या माणसाने पोराच्या ओबडधोबड फळाला सावली काढून दिली आणि ते तसंच जन्मभर भिंतीवर ठेवलं. मी हे भिंगातून बघताना मला रडू आलं, आणि मला कामाच्या जागी रडायची सवय नाही.

आता राग येईल असं एक सांगते. हे उद्घाटनाच्या दिवशी बेसिन बघून उठले नव्हते. मीही सहा वर्षं तसंच समजत होते. परवा म्हणाले, "सगळं दुकान हसलं गं." एवढंच.

तुम्ही मानाने लावलं होतंत, हे मी त्यांना सांगितलं. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला तर घडी करून खिशात घातला. सही केलेली नाही. माझे बावीस दिवस उरलेत.

वहिनी

*

१३ मार्च

वहिनी,

काल दुकान उघडलं नाही. आजही अर्धं शटर वर केलंय.

काल दुपारभर तीन नंबरच्या व्हॅनिटीसमोर स्टूल टाकून बसलो होतो. वरती रिकामा खिळा आणि खाली आरसा. आरशात एक काळ्या केसांचा म्हातारा. त्याने शंभर माणसांसमोर आपल्या भावाला नासका म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. वर सहा वर्षं तो ते वाक्य चवीने सांगत फिरला. माझं सगळ्यात भारी वाक्य! पत्रातही तुम्हाला लिहून पाठवलं. वहिनी, मला लाज वाटतेय. दुसरा शब्द नाही.

आणि ती आमटी. त्याचा हात माझ्यापायी सुजला होता आणि मी त्याच्या शर्टाकडे बघून हसत होतो. आता मला नऊ पट्ट्यांचे नऊ आवाज वेगवेगळे आठवायला लागलेत.

मला वाटायचं, आपल्याला कवटी आठवत नाही म्हणजे आपण तेव्हापासूनच धीट. आठवेल कशी? त्याने दिसूच दिली नाही.

माझी सही परत करा. नवा फॉर्म भरून पाठवतोय. 'थर ठेवावा' यात खूण केलीये. खाली 'मालकाची इच्छा' अशी ओळ आहे, तिथे लिहिलंय: खरबूज होतं तसं करून द्यावं, एक ओघळ कमी नको. आप्पांची कवटी आत आहे एवढं मला माहीत आहे, तेवढं पुरे. त्यांना चालली होती झाकलेली, मी कोण उघडी करणारा?

दादाला सांगा. नको, तुम्ही काही सांगू नका. मला सांगायचंय, पण कसं ते समजत नाही. फोन लावला होता परवा. त्याने उचलला. मी नुसताच श्वास घेतला. त्यानेही लगेच ठेवला नाही. मग ठेवला. पण 'राँग नंबर' म्हणाला नाही हो.

भावजी

*

३१ मार्च

भावजी,

हे या टेबलावरचं माझं शेवटचं पत्र. ड्रॉवर रिकामा केला, ॲप्रनची घडी केली, दोन भिंगं सरकारजमा केली. खोकं आज निघतंय, तुमचंच, तुमच्याच स्पंजसकट.

हे काल इथे आले. न सांगता. सहा महिने मी मागे लागले होते की एकदा माझी खोली बघायला या, तर म्हणायचे मला तुमच्या त्या औषधांचा वास सहन होत नाही. काल आले, जुन्याच्या बदल्यात मी दिलेला तुमचा नवा फॉर्म खिशातून काढला, घड्या घालून घालून त्याची चिंधी झाली होती. "सही कुठे?" मी जागा दाखवली. तुमच्या सहीखाली सही केली. तुमची ओळ वाचली. दोनदा वाचली. मग चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

फॉर्मवर आमच्या नियमाचा एक रकाना आहे: मूळ चित्रकार हयात असल्यास त्याचा सल्ला घ्यावा. तेहतीस वर्षांत तो मी कधी भरला नाही, माझे सगळे चित्रकार मेलेले असतात. काल तिथे यांचं नाव लिहिलं. आणि म्हटलं, आता सल्ला कसला घ्यायचा, घ्या ब्रश. पुन्हा काढता येतील असे रंग दिले, ॲप्रन दिला, चपटा ब्रश शोधून दिला. नवशिक्याच्या हातात चित्र द्यायचं नाही हा इथला पहिला नियम. शेवटच्या दोन दिवसांत मोडला. पण तसे ते नवशिके नव्हतेच, पन्नास वर्षांचा खंड पडला होता एवढंच.

तीन तास बसले होते. मला खोलीतून बाहेर काढलं, म्हणाले, "तू भिंगातून बघू नकोस." मध्ये दार उघडून आरसा मागितला, चित्र उलटं कसं दिसतं ते बघायला. मी म्हटलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, आप्पा बघायचे. काम झाल्यावर नोंदीसाठी फोटो काढायचा होता, चित्राचा हो, तर यांनी आधी केस विंचरले. तुमच्या दुकानात मांडलेल्या अठरांपेक्षा ही एकोणिसावी व्हॅनिटी भारी होती.

काय केलंय ते मी लिहीत नाही, खोकं उघडून बघा. चित्राच्या मागे पाकीट डकवलंय. मी ते वाचलेलं नाही, मागितलं तरी दिलं नाही. आज सकाळी पत्रावर उद्याची तारीख घालून बसले होते. म्हणाले, तो उद्याच उघडेल.

आता पुढचं पत्र घरच्या पत्त्यावर पाठवा. केरात जाणार नाही.

वहिनी

*

१ एप्रिल

चि. भित्र्यास,

तारीख बघून चेष्टा समजू नकोस.

ते खरबूज नाही. भोपळा आहे. पन्नास वर्षं सगळे खरबूज खरबूज करतात आणि मी ऐकून घेतो. खरबुजाला असा वाकडा देठ असतो का? एवढ्या खोल फाका असतात का? आप्पांना एका नजरेत कळलं होतं, त्यांनी सावलीही भोपळ्याची दिली. आईलाही कळलं होतं. तू मात्र भर सभेत नासकं खरबूज म्हणालास. नासकं एक वेळ चाललं असतं.

चित्र तू मानाने लावलं होतंस, असं हिच्याकडून समजलं. मग तिथेच लाव, तीन नंबरला. फक्त नळापासून दीड हात वर, शिंतोडे उडतात. मी रविवारी येतो. खिळा मी ठोकेन, तू ठोकलेला वाकडा जातो, घरी पाण्याची टाकी बसवली तेव्हा पाहिलंय मी. आणि भाषण करायचं नाही.

भोपळा दुरुस्त केलाय. ओघळ तसेच आहेत, तुझी अट वाचली. पण तुझ्या थिनरने उघडलेला जो डोळा आहे तो मी बुजवलेला नाही. त्याच्या बाजूने एक पान काढलंय, पानाआडून तेवढा डोळा आणि आप्पांचे ते फटीचे दात दिसतात. नीट बघितलंस तर. हसतात ते. लहानपणी आपल्याला ते कळलं नाही, मला काल कळलं.

आता तू छप्पन्न वर्षांचा आहेस. भिणार नाहीस असं वाटतं.

भ्यालास तर फोन कर. मीच उचलतो.

दादा